दोन ओढ्यांच्या मध्ये

ताईला कोरडं तळं बघायचं होतं. नाशिकच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी ऑस्ट्रेलियाचा नकाशा फळ्यावर काढताना मध्याच्या जरा खाली ती तुटक रेघांनी एक आकार काढायची आणि मुलांना सांगायची, हे तळं आहे, पण पाणी असेलच असं नाही. निवृत्त झाल्यावर ती तीन महिन्यांसाठी माझ्याकडे ऑस्ट्रेलियात, ग्लेन वेव्हर्लीला आली आणि चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "तुमचे समुद्रकिनारे राहू देत. मला त्या तळ्याकडे ने."

"ताई, हजाराच्या वर किलोमीटर आहेत. वाळवंट आहे तिकडे."

"म्हणून तर म्हणतेय."

ऑक्टोबर होता, मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "ऑनेस्टली मम, जस्ट गो. घर जरा क्वायट होईल." नवरा तिच्यासाठी थांबला. आम्ही दोघी बहिणी भाड्याची उंच फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन निघालो.

खरं सांगायचं तर मला जायची भीती वाटत होती, आणि ती वाळवंटाची नव्हती. आई गेल्यापासून मी आणि ताई एका खोलीत दोघीच अशा कधी बसलो नव्हतो. कोविडच्या काळात आई गेली तेव्हा इथल्या सीमा बंद होत्या, देशाबाहेर जायलासुद्धा सरकारची परवानगी लागायची. मी गेले नाही. आईचं दुखणं, हॉस्पिटल, शेवट, आमच्या वडिलांना, अप्पांना सांभाळणं, सगळं ताईने एकटीने निभावलं. पुढे मी नाशिकला गेले तीही दहाच दिवस, आणि सगळा वेळ घर पाहुण्यांनी भरलेलं ठेवलं. आता चार-पाच दिवस आम्ही दोघी एका गाडीत असणार होतो.

पहिले दोन दिवस छान गेले. ताई खिडकीला नाक लावून बसायची, मध्येच "थांब, थांब" म्हणून उतरायची आणि लालसर गुळगुळीत दगड गोळा करून आणायची. तिसऱ्या दिवशी सकाळी जिथे डांबरी रस्ता संपतो तिथल्या रोडहाउसवर आम्ही डिझेल भरलं. तिथे पेट्रोल पंप, खाणावळ आणि दुकान एकाच छपराखाली होतं. काउंटरमागच्या बाईने विचारलं, कुठे निघालात.

मी पुढच्या मुक्कामाचं नाव सांगितलं.

"दुपारच्या आत पोचा," ती म्हणाली. "वादळ येतंय. पाऊस पडला की तो रस्ता रस्ता राहत नाही. आणि काही झालं तर गाडी सोडू नका. माणसं गाडी सोडून चालायला लागतात, तीच मरतात."

मी "नो वरीज" म्हणून वळले. ताईने मात्र तिच्याकडून वही मागून घेतली, तिच्यात गाडीचा नंबर, आमचा मुक्काम आणि पोचायची वेळ शाळामास्तरणीच्या सुवाच्य अक्षरात लिहिली आणि म्हणाली, "आम्ही पोचल्यावर फोन करू. नाही आला तर कृपया चौकशी करा." मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी काय काल आलेली टुरिस्ट होते?

आम्ही दुपारच्या आत पोचलो नाही. आधी टायर पंक्चर झाला, तो बदलताना आमचा दीड तास गेला. मग ताईचे दगड. तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. दोनच्या सुमारास आम्ही एक कोरडा ओढा ओलांडला. वाळूचं नुसतं पात्र, कडेला पाण्याची खोली दाखवणारी खुणेची काठी. ताई हसून म्हणाली, "इथे काठी कशाला रोवलीय कोण जाणे."

पश्चिमेकडे आभाळ जांभळं झालं होतं. आधी वारा आला, त्याच्याबरोबर लाल धूळ, इतकी की बॉनेट दिसेना. मग टपावर एकेक जाड थेंब वाजला, आणि मग एकदम सगळा पाऊस. त्यात गाराही होत्या. मी वेग कमी केला तशी गाडी स्टीअरिंगचं ऐकेनाशी झाली. ती चिकणमाती ओली झाली की लोण्यासारखी होते, हे मी वाचलं होतं. गाडी अगदी सावकाश आडवी होत गेली, कडेच्या चरात डावी चाकं उतरली आणि ती तिरकी होऊन थांबली. मी ॲक्सलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल काचांवर उडाला आणि आम्ही आणखी खाली बसलो.

"बंद कर," ताई म्हणाली.

काचेतून पुढे, खालच्या अंगाला, रस्ता एका दुसऱ्या ओढ्यात उतरत होता. तिथे आता तपकिरी पाणी धावत होतं. मागचा, मघाचा हसण्यावारी नेलेला ओढाही तसाच भरला असणार. मोबाइलला रेंज नव्हती. सॅटेलाइट फोन भाड्याने मिळत होता, मी घेतला नव्हता. चारच दिवसांसाठी कशाला, असं वाटलं होतं.

मग विजा सुरू झाल्या. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत एक झाड नाही, खांब नाही. त्या सपाट जमिनीवर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आमची गाडी. प्रत्येक कडाडण्याबरोबर सीट खालून हलायची. ताई मोठ्याने आकडे मोजत होती, वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत. पाच. तीन. तीन. मग मोजायला वेळच मिळेना.

"धातूला हात लावू नकोस," ती म्हणाली. "हात मांडीवर ठेव. वीज पडली तर पत्र्यावरून जमिनीत जाईल. आत आपल्याला काही होत नाही."

"नक्की?"

"आठवीच्या पुस्तकात आहे."

काचा आमच्या श्वासाने धुरकटल्या. बाहेरचं काही दिसेना, नुसता आवाज आणि मध्येच पांढरा उजेड. आत ओल्या कपड्यांचा आणि गरम रबराचा वास कोंडला होता. हवा आहे, पण मला पुरत नाहीये, असं वाटलं. माझा हात दाराकडे गेला. ताईने मनगट धरलं आणि पाऊस ओसरेपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी वादळ पूर्वेला सरकलं तेव्हा तिच्या बोटांचे वळ माझ्या हातावर होते. ती रात्र आम्ही तिरक्या सीटांवर कशीबशी काढली.

सकाळी आभाळ निरभ्र होतं. वाटलं, सुटलो. दार उघडून खाली पाय टाकला तर घोट्यापर्यंत गेला. दुसऱ्या पावलाला बुटाखाली चिखलाचा विटेएवढा गोळा झाला, तिसऱ्याला पाय उचलेना. रस्ता, माळ, सगळं तांबड्या पाण्याखाली चकाकत होतं. दहा वाजेपर्यंत ऊन भाजायला लागलं आणि माश्या आल्या. डोळ्यांच्या कडांना, ओठांना, नाकपुड्यांना. काचा बंद केल्या तर भट्टी, उघडल्या तर माश्या. लघवीला जायचं तर आडोसा म्हणजे उघडलेलं दार. एक बसायची, दुसरी ओढणी धरून पाठ करून उभी राहायची. आमच्याकडे एक मोठा कॅन पाणी होतं, थेपले, चिवडा, सहा सफरचंदं. ताईने पाण्याच्या बाटलीवर पेनाने खुणा केल्या. अकरापर्यंत इथवर, एकपर्यंत इथवर.

मला ते सहन होईना. मी हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. दिवसभर वॉर्डावॉर्डांतून फिरणं, काहीतरी करत राहणं हे माझं काम. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. येताना एका गुरांच्या फार्मचं फाटक लागलं होतं, आठ-दहा किलोमीटर मागे. मी म्हटलं, "मी चालत जाते. ओढ्याचं पाणी उतरलं असेल."

"गाडी सोडायची नाही."

"ताई, कोणी येणार नाहीये! इथे आठवडा आठवडा कोणी येत नाही!"

"ओरडू नकोस. तहान लागेल."

"तू मला काय करायचं ते सांगू नकोस!" मी दारावर मूठ आपटली. "मला इथे बसवत नाही!"

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "बसवतं गं. आईच्या वेळी नाही का बसलीस? परवानगी नाकारली त्यांनी, तू तरी काय करणार होतीस? तडफडलीस, पण बसलीस ना तिथे. तशीच आता बस."

ती हे कधीतरी बोलेल याची मला इतकी वर्षं धास्ती होती. पण ती रागाने बोलेल असं मला वाटायचं. तिने ते मला धीर द्यायला म्हटलं, आणि तेच मला सोसलं नाही.

"नाकारली नव्हती," मी म्हटलं.

"काय?"

"परवानगी. मी अर्जच केला नव्हता. ऑनलाइन फॉर्म होता. मी तो उघडला, अर्धा भरला आणि बंद केला. मला वाटलं, गेले आणि परत येता आलं नाही तर? मुलगी लहान होती. नोकरी होती. मला भीती वाटली, ताई. मी सगळ्यांना सांगितलं की नाकारली."

ती दार उघडून खाली उतरली आणि चालायला लागली. मी हाका मारल्या, तिने मागे पाहिलं नाही. पण पंचवीस-तीस पावलांवर तिचे पाय उचलेनासे झाले. एक चप्पल चिखलात राहिली. ती तिथेच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन. जायला जागाच नव्हती. मला तिच्याकडे जाता येत होतं, पण गेले नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ती वळली, एक पाय अनवाणी, आणि हळूहळू परत आली. पुढच्या सीटवर न बसता मागे बसली.

आरशात मला तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. एकची खूण आली तशी मी बाटली मागे केली. तिने घेतली, दोन घोट प्यायली आणि परत दिली. मग ती बोलायला लागली.

"मावशी म्हणाली होती, तिकडची माणसं अशीच होतात. मी तिच्याशी भांडले. तेराव्याला. सगळ्यांसमोर. म्हटलं, सरकारने अडवलंय तिला, तुम्हाला काय कळतं. अप्पा रोज विचारायचे, परवानगीचं काय झालं. मी रोज सांगायचे, प्रयत्न करतेय ती. आणि तू रोज फोनवर विचारायचीस, आईने आज काय खाल्लं, प्रोटीन किती गेलं पोटात. मी तिचं डायपर बदलून हात धुऊन फोन घ्यायचे, आणि तू मला वरणाच्या वाट्या विचारायचीस."

"मला दुसरं काही विचारता येत नव्हतं."

"माहीत आहे."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, गप्प हो असंही म्हणाली नाही. मी ते तिच्याकडे मागूही शकत नव्हते. तासभर आम्ही तशाच बसलो, माझा चेहरा पुढच्या काचेकडे, तिचा माझ्या मानेकडे. घरी असते तर मी दुसऱ्या खोलीत गेले असते, ती फिरायला गेली असती.

तीनच्या पुढे विमानाचा आवाज आला. लहानसं, एका पंख्याचं. ताई आधी बाहेर. तिने पिवळी ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायला सुरुवात केली, मी हेडलाइट्स लावल्या-विझवल्या. विमान पुढे गेलं, वळलं, खूप खालून आलं आणि काहीतरी खाली पडलं. ज्यूसची प्लास्टिकची बाटली होती, आत वाळू आणि एक कागद. मी चिखलातून रांगत जाऊन ती आणली.

ताईने चष्मा पुसून कागद वाचला. "रस्ता बंद. गाडीजवळच थांबा. उद्या सकाळी येतो. ठीक असाल तर दोघींनी हात वर करा." विमान परत फिरून आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हात वर करून उभ्या होतो. रोडहाउसवरच्या बाईने वही बघून फार्मवर फोन केला होता आणि विमान तिथलंच होतं, हे नंतर कळलं.

संध्याकाळी ताईने थेपल्याचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. मी तो परत तिच्यापुढे केला. "खा मुकाट्याने," ती म्हणाली. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फार्मचे मालक आणि त्यांची बायको जाड चाकांच्या छोट्या, उघड्या मोटार-बग्गीतून आले. साठीची माणसं, चिखलाने माखलेली. मालकांनी आमची गाडी पाहून मान हलवली. "ही आठवडाभर हलत नाही, मेट." बाईंनी थर्मासमधून चहा दिला, दुधाचा, गरम. ताई कप दोन्ही हातांत धरून तो प्यायली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या बाईंनी काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला. मी बाजूला उभी राहून बघत होते. तो हात माझा असायला हवा होता.

फार्मवर आम्ही पाच दिवस होतो; तळं बघायचं राहूनच गेलं. ताई मालकीणबाईंना कोंबड्यांना दाणे घालायला मदत करायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसली.

"अप्पांना सांगायचं की नाही, ते तू ठरव," ती म्हणाली. "मी तुझ्यावतीने पुन्हा खोटं बोलणार नाही. त्यांनी विचारलं तर खरं सांगेन."

"मी सांगते."

"फोनवर नको."

जानेवारीत मी नाशिकला गेले. या वेळी पाहुणे बोलावले नाहीत. अप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून मला सगळं दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. स्वयंपाकघरात ताईचा चिरण्याचा आवाज थांबला होता. अप्पा म्हणाले, "तुझ्या आईने शेवटच्या दिवशी तुझ्याबद्दल विचारलं नव्हतं. तिला भानच नव्हतं. ते तुला वाटत असेल तर काढून टाक मनातून." आणि पुढे म्हणाले, "पण मला वाईट वाटलं. ते मी सांगणार."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी ताईला हाक मारली आणि चहा टाकायला सांगितला. ताई म्हणाली, "ती टाकेल. तिला माहीत आहे साखर कुठे आहे ते." मी उठले. साखर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, सगळे डबे उघडून शोधावी लागली.