तुला कुठे नोकरी करायची आहे?

अर्ज वाचता वाचता मुलाखत घेणाऱ्या बाई थांबल्या. 'पूर्वीचे गुन्हे' या ओळीवर पेन्सिल टेकवली. मग खुर्ची मागे सरकवली. माझ्यापासून लांब.

"मारहाण? घरात?"

"हो."

"मॅडम, ही शाळेची लायब्ररी आहे. इथे लहान मुलं येतात."

मी पुण्याची एम.ए. आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. दाराशी बसलेल्या दुसऱ्या उमेदवार बाईने पर्स मांडीवर ओढून घेतली.

नवऱ्याला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

तो जाण्याच्या तीन वर्षं आधी, इथे अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या घरात, त्याने माझं डोकं कपाटावर आपटलं. सुटण्यासाठी मी त्याच्या मनगटाला चावले. शेजारणीने पोलीस बोलावले. त्यांनी दोघांवरही केस केली.

रविवारी डॉक्टरकाका आले. इथल्या मराठी घरांतली भांडणं तेच मिटवत. केसांत बोटं घालून त्यांनी माझं टेंगूळ चाचपलं, "बर्फ लाव" म्हणाले. मग पोह्यांची बशी हातात घेऊन निकाल दिला. मी नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची नाही. माझा गुन्हा मात्र कबूल करायचा. म्हणजे प्रकरण लांबणार नाही.

"त्याचं काम डिफेन्सचं. रेकॉर्ड खराब झालं तर उद्या घरी बसेल. तुला कुठे नोकरी करायची आहे?"

नवरा खाली बघत होता. पोहे मीच केले होते. कोर्टात मी 'गिल्टी' म्हणाले. साक्षीअभावी त्याची केस रद्द झाली.

मग तो गेला. हार्ट अटॅक. मी रडले. अजून रडते. त्याने मारलं हेही खरं, आणि तो नाही म्हणून घर खायला उठतं हेही खरं.

लायब्ररीतून निघाले ती थेट काकांकडे गेले. म्हटलं, "तेव्हा तुम्ही काय पाहिलंत, तेवढं लिहून द्या."

"अगं पोरी, गेलेल्या माणसाची बदनामी करायची?" काका म्हणाले. "आणि नोकरीचं म्हणशील, तर हिला स्वयंपाकात मदत हवीच आहे. इथे कोण तुझं रेकॉर्ड विचारतंय!"

काकू हसल्या. "घरचीच तर आहेस तू."

"काका, टेंगूळ तुम्ही हाताने पाहिलंत."

"मला नाही बाई आठवत."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. इतकी वर्षं मी या माणसाच्या पाया पडत आले होते. त्या दिवशी पडले नाही. चपला घातल्या आणि निघाले.

आता मी एका वकीलबाईंकडे जाते. त्या म्हणतात, जुना निकाल फिरेलच असं नाही. न फिरू दे. माझ्या नवऱ्याने मला मारलं, हे मी कोर्टात उभी राहून सांगणार आहे. त्याच्यासाठी रडत रडत सांगावं लागलं तरी सांगणार आहे. साक्षीदार कोण, असं वकीलबाईंनी विचारलं. मी डॉक्टरकाकांचं पूर्ण नाव दिलं. पत्ताही दिला.