चाल मला कुणी दिली

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की माणसं विश्वासाबद्दल बोलतात. मला संशयाबद्दल बोलायचं आहे, कारण आयुष्यात मी मनापासून काही केलं असेल तर ते संशय घेण्याचंच काम. दूधवाल्यापासून पाळकसाहेबांपर्यंत मी कुणाला सोडलं नाही. ऐंशीच्या आसपास महाडच्या आमच्या लहानशा मंडळीतल्या तिघांनी ख्रिस्ती रॉक बँड काढला, तेव्हा हा स्वभावही माझ्याबरोबर बँडमध्ये आला. मी शाळामास्तर, गिटार वाजवायचो आणि गायचो. बँडचं नाव आम्ही ठेवलं ‘नवा द्राक्षारस’. ते ऐकून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि एकदोघांनी तर आमच्या तोंडाला वास येतो का तेही जवळ येऊन पाहिलं.

पहिल्या नाताळात इलेक्ट्रिक गिटार लावली तेव्हा अर्धी मंडळी उठून बाहेर गेली. पण हळूहळू पनवेलहून, पुण्याहून तरुणांच्या मेळाव्यांची बोलावणी येऊ लागली, तीही मुख्यतः एका गाण्यामुळे. त्याची चाल मला तापात सुचली होती. टायफॉइडने अंथरुणाला खिळलो असताना ती कानाशी येऊन घुमायला लागली आणि ताप उतरला तरी गेली नाही. मग मी तिच्यावर स्तुतीचे शब्द बसवले. प्रत्येक स्टेजवर गाण्याआधी मी सांगायचो, “ही चाल मला प्रभूने दिली.” लोक डोळे पुसायचे, आणि ते मला फार आवडायचं.

ड्रमवर सुदाम होता. तो आमच्या मंडळीतला नव्हे, पोलादपूरकडच्या एका बुद्धवाडीतला; औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करायचा आणि सुट्टीला आमच्यात वाजवायचा. बौद्ध माणूस येशूच्या गाण्याला ताल कशाला धरतो, हा किडा माझ्या डोक्यात वळवळत असे. विचारलं तर म्हणायचा, “वाजवाया आवडतं, मास्तर.” इतक्या साध्या उत्तरावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

मग एका वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत, महाडच्या भर बाजारात, टेम्पोवर बसलेल्या गायन पार्टीच्या तोंडून मला माझी चाल ऐकू आली. शब्द वेगळे, चाल तीच, आणि ढोलकीवर सुदाम. पुढच्या सरावाला मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, “आमची चाल विकायला नेलीस काय रे? चोर!” त्याने काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, असं मी घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “त्याला विचारलंत तरी का?”

मुंबईला आमची पहिली कॅसेट ध्वनिमुद्रित व्हायची होती आणि तीन आठवडे उरले होते. सुदामच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं, आणि ड्रमरशिवाय कॅसेट होणार नव्हती. वाईला एक वाजवणारा आहे असं कळलं म्हणून मी जुलैत एसटीने निघालो. पोलादपूर सुटलं, घाट लागायच्या बेतात होता आणि गाडी थांबली. पुढे दरड कोसळली होती. कंडक्टर म्हणाला, आज काही रस्ता मोकळा होत नाही. मला आधी वाटलं, हाच घरी जायला टपलेला असणार.

पाऊस उघडला म्हणून उतरलो. रस्त्याखालच्या खाचरात बायका भात लावत होत्या, आणि त्या माझी चाल गात होत्या. मी बांधावरून खाली उतरलो आणि एका म्हातारीला जरा दरडावूनच विचारलं, हे गाणं कुणी शिकवलं? ती कमरेतून वर झाली. “कोन शिकवनार रे बाबा? माज्या आयशीच्या आयशीचं हाय. चिखलातून पाय उचलाया पायजे ना, म्हनून म्हनायचं.” आणि ती पुन्हा वाकून म्हणू लागली:

“हात माजं चिखलात गो, जीव माजा बांधावर…”

पुढची ओळ तिच्याआधी माझ्या तोंडून आली:

“बांधावरती बाळ निजं गो, सर येते त्याच्या अंगावर.”

ही ओळ मला कुणी शिकवलेली नव्हती. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. ती याच खोऱ्यातली, आणि लग्नानंतरही आवणीला, म्हणजे भात लावायला, माहेरी येई, मला घेऊन. मी तिथेच चिखलात उभा राहून रडलो. बायकांना वाटलं मला काही चावलं.

तिथून सुदामची वाडी कोसभर होती. तो स्वतःच्या खाचरात चिखलणी करत होता. मी चोर म्हटल्याची माफी मागितली आणि घडलेलं सांगितलं. तो बैलाच्या पाठीवरचा चिखल पुसत म्हणाला,

“पयल्या दिवशीच वळखली मी. माजी आत्या म्हनायची.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी सांगत व्हता, देवानं दिली. आमी देव मानत नाय, मास्तर. पन आत्याला मानतो. म्हटलं, दोघांचंबी चालंल.”

कॅसेटला येशील का, असं विचारायची माझी हिंमत होईना. तोच म्हणाला, “माज्याकडं सावडीला मानूस कमी हाय. दोन दिस तुमी लावणीला या, मंग मी तुमच्या सावडीला येतो.” सावड म्हणजे कामाची फेड कामानेच.

कॅसेट निघाली. चालीखाली माझं नाव घातलं नाही. बँड आणखी चारपाच वर्षं चालला आणि मग जो तो पोटामागे पांगला. दरड प्रभूने पाडली की पावसाने, हे मी आजही ठामपणे सांगत नाही. तेवढा संशय माझ्यात शिल्लक आहे. आपलं म्हणून मुठीत आवळलेलं सोडलं, तेव्हा ते कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आलं ते दिसलं, एवढंच सांगतो, आणि त्या सगळ्या हातांसाठी प्रभूचे उपकार मानतो. ते दोन दिवस मी गुडघाभर चिखलात वाकून भात लावलं. माझी रोपं वाकडी गेली, बायका हसल्या, सुदामच्या आईने ती उपटून पुन्हा लावली. आणि आम्ही सगळे ती चाल म्हणत होतो, तेव्हा मी पहिल्यांदाच ती कुणाला ऐकवण्यासाठी गात नव्हतो.