कुमुदच्या हातची अंघोळ

अधारतालच्या सरकारी क्वार्टरांत कोणाच्या घरची बाई गेली की आधी कुमुदला हाक यायची. अंगावर पाणी घालायचं, केस विंचरायचे, साडी नेसवायची, हे सगळं तीच करायची; सख्ख्या लेकीसुद्धा दारातच थबकत. एरवी हळदीकुंकवाला मात्र तिला कोणी बोलवत नसे.

बायांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची दुर्वा वस्तीच्या बैठकीत म्हणाली, "आपल्याकडे काय नाही ते आज सोडा. प्रत्येकीने आपल्याला काय येतं ते सांगा आणि दुसरीला शिकवा."

शिलाई शिकायला हात वर झाले, पापडांना त्याहून जास्त. मग कुमुदची पाळी आली.

"मले मेलेल्या बाईले अंघोळ घालता येते," ती म्हणाली. "कोणाले शिकाचं आहे?"

बायांनी पदर सावरले. दुर्वा गडबडली. "मावशी, दुसरं काही येत असेल ना?"

कुमुदला खोकल्याची उबळ आली. छातीचं दुखणं बळावलं होतं आणि घरी दुसरं माणूस नव्हतं. समोरच्या कित्येकींच्या आया-सासवा तिच्याच हातची अंघोळ घेऊन गेल्या होत्या.

"कोणीच नाही शिकत?" ती म्हणाली. "मग माह्या अंगावर पाणी कोण घालन?"