कुमाच्या माथी गेलेला चेंडू

पंक्चरवाला वेलिमिर सर्बियाच्या राष्ट्रीय संघात खेळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. काय खेळतो, ते विचाराल तर सगळे एकमेकांची तोंडं बघणार. अमेरिकन फुटबॉल म्हणे! डोक्यावर हेल्मेट घालायचं, ओणवं व्हायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे भिरकावायचा. लांब मागे उभा असलेला गडी तो झेलतो आणि लाथेने उडवतो. वेलिमिरचं काम ओणवं होण्याचं. त्याची आई देसांका टीव्हीसमोर बसून म्हणायची, "देशासाठी खेळतो गं लेक माझा, पण तोंड काही दिसत नाही. दिसतं ते भलतंच!"

मागे उभा राहून लाथ मारणारा गडी म्हणजे ओग्न्येन, वेलिमिरचा कूम. लग्नात त्याच्या शेजारी साक्षीला उभा राहिलेला, त्याच्या लेकीचं नाव ठेवलेला; आणि नातं दोन्ही बाजूंनी, वेलिमिरही त्याचा कूमच. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं. कुमाकडे बोटही दाखवायचं नसतं.

तर हंगेरीशी सामना होता. अगदी शेवटाला, आपण पुढे असताना, वेलिमिरच्या हातून चेंडू सुटला तो ओग्न्येनच्या डोक्यावरून. बिचाऱ्याने उडी मारली, पण बोटंसुद्धा लागली नाहीत. एका हंगेरियन धटिंगणाने आपल्या गोलरेषेपलीकडे चेंडूवर अंग टाकलं, गुण त्यांना मिळाले आणि सामना गेला. गावाने टीव्हीवर काय पाहिलं? ओग्न्येन चेंडूमागे धावतोय, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा जो तो म्हणे, "तू राबलास रे, पण त्या ओग्न्येनच्या हातांना काय भोकं पडलीत?" वेलिमिर टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहायचा. पहिल्या दिवशी गप्प बसला तो बसलाच. आणि ओग्न्येन कुमाबद्दल ब्र काढेल होय?

मग डिसेंबरात स्लावा आला, घरच्या संताचा सण. वेलिमिरच्या घरी कूम मानाच्या जागी बसला. माशाचं सूप वाढताच राडोयेकाका ओरडला, "कुमा, वाटी दोन्ही हातांनी धर हो, सांडशील!"

सगळे खिदळले. ओग्न्येनही हसला, आणि वाटी खरंच दोन्ही हातांनी धरली. ते पाहून वेलिमिरने चमचा खाली ठेवला.

"चूक माझी होती," तो उठून म्हणाला. "चेंडू मीच उंच टाकला."

"बस रे खाली," देसांका म्हणाली. "म्हणे माझी चूक! कुमाला पाठीशी घालतोय."

"नाही आई, दाखवतोच!"

पिंपातून त्याने आंबवलेल्या कोबीचा अख्खा गड्डा काढला, ओग्न्येनला दाराशी उभं केलं आणि सणाच्या प्रार्थनेला आलेल्या पाद्रीबाबांकडे पाठ करून भर पंगतीत ओणवा झाला.

"अहो!" बायको स्लाव्हित्सा किंचाळली. "सणाच्या दिवशी हे काय दाखवताय?"

"हात असा उशिरा सुटला ना, की चेंडू..." म्हणत वेलिमिरने गड्डा सोडला. मेला गेला कुठे? सरळ ओग्न्येनच्या छातीवर, अलगद त्याच्या हातांत! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहिलंत?" राडोयेकाका शर्टावरचं आंबट पाणी झटकत म्हणाला. "निसरडा कोबी इतका नेमका टाकतो, तो चेंडू चुकेल? आता कळलं दोष कुणाचा ते!"

"थांबा, थांबा!" वेलिमिरने दुसरा गड्डा उंच भिरकावला. तो दाराच्या चौकटीवर फुटला.

"आता बघा, मुद्दाम चुकवतोय!" देसांकाने डोळ्यांना पदर... नव्हे, रुमाल लावला. "किती मोठं मन गं माझ्या लेकराचं!"

वेलिमिर घामाघूम झाला. तो ओग्न्येनपाशी जाऊन पुटपुटला, "कुमा, तू तरी सांग ना यांना."

"मी? स्लावाला बसून कुमाविरुद्ध बोलू?" ओग्न्येन हळूच म्हणाला. "ते तूच बोलायला हवं होतंस रे. तेव्हाच, दुकानात." आणि कोबी स्लाव्हित्साच्या हाती देऊन तो जागेवर जाऊन बसला.

पाद्रीबाबांनी राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला उंचावला. "वेलिमिरसारखा कूम देव सगळ्यांना देवो!"

पंगत उभी राहिली. ओग्न्येनही उभा राहिला आणि वेलिमिरच्या नावाने प्याला. कुणीतरी वेलिमिरच्या हातातही पेला दिला. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याला तो प्यावा लागला.