तळं बुजवल्याची फीत

कापसाचा बोळा फिरवून व्हिडिओ कॅसेटच्या फितीवरची पांढरी बुरशी पुसली, आणि पडद्यावर माझी आई दिसली. गावाच्या जुन्या चित्रफिती दुरुस्त करायचं काम मी घेतलं होतं. ही फीत तळं बुजवलं त्या दिवसाची. आई मुरमाच्या ट्रॅक्टरसमोर उभी राहून ओरडत होती, आणि मागे तेव्हाचे नगराध्यक्ष अण्णा पेढे वाटत होते. त्या तळ्यावर ती गावाचे कपडे धुवायची. मग मरेपर्यंत तिनं लोकांची भांडी घासली. अण्णा मात्र आजही भाषणात सांगतात, "गावानं तळं आनंदानं दिलं. एकानंही हरकत घेतली नाही."

त्यांना कुणकुण लागली. घरी येऊन म्हणाले, "तेवढा तुकडा वगळ. फीत खराब झाली म्हणून सांग."

"बघतो, अण्णा."

काळ सगळं पुसून टाकतो म्हणतात. काळाला कुठली एवढी घाई? पुसायची घाई माणसांना असते. मी कितीतरी दिवस फक्त आईच्या आवाजावरची खरखर काढत बसलो. सुडाचं काम इतक्या मायेनं करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दुरुस्त केलेल्या फिती गावाला दाखवायच्या कार्यक्रमाला अण्णा पहिल्या रांगेत होते. सभागृहात आईचा आवाज घुमला, "आम्हाला कुणी विचारलं? कुणी विचारलं आम्हाला?"

शेजारची माणसं अण्णांकडे पाहू लागली. ते उठून दाराकडे निघाले.

"नीट ऐकू नाही आलं रे," मागून एक म्हातारी म्हणाली.

सगळ्यांना ऐकू आलं होतं. तिलाही. मी आवाज वाढवला आणि तो तुकडा पुन्हा लावला.