मापवाल्या काकूंची डिस्क

मापवाल्या काकूंचं खरं नाव विचारलंत, तर गल्लीतले दहांपैकी नऊ जण डोकं खाजवतील. पण "तयार कपडा अंगाला बसत नाही हो" एवढं म्हणा, तेच नऊ जण त्यांच्या दाराकडे बोट दाखवतील.

पाठीला बाक आलेले, एक हात नसलेले, कमरेला पट्टा बांधून वावरणारे, अशांच्या कपड्यांचे नमुने काढणं हे काकूंचं काम. सुरुवात धाकट्या बहिणीपासून झाली. तिचा एक खांदा जन्मापासून खाली. शाळेचा झगा सारखा घसरायचा आणि मुली फिदीफिदी हसायच्या. काकूंनी तो उसवला, एक बाजू चार बोटं कमी केली आणि बहीण ताठ मानेनं शाळेत गेली. तेव्हापासून काकूंना हाच नाद लागला. पुढे कागदाच्या जागी कॉम्प्युटर आला, आणि बावीस वर्षांतले अठराशे सेहेचाळीस नमुने तळहाताएवढ्या एका डिस्कमध्ये मावले.

यंदा जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. सुनेनं आपला मॅक कॉम्प्युटर काकूंना दिला, नमुने काढायचा प्रोग्रामही त्यावर बसवून दिला. पहिलंच काम ग्रंथपाल बाईंचं. त्या चाकांच्या खुर्चीवर असतात. ऑपरेशननंतर बऱ्याच वाळल्या होत्या आणि सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. सतत बसून असणाऱ्याची पँट मागून उंच, पुढून आखूड हवी, मागे खिसा नको. काकूंनी डिस्कवरचा त्यांचा जुना नमुना उघडला, कंबर आत घेतली आणि सेव्ह करायला गेल्या. होईना. दहादा दाबलं तरी होईना.

"अगं, डिस्क गेली!" काकूंनी सुनेला हाक मारली.

सून हातातलं काम टाकून आली. "गेली नाही, आई. ती विंडोजसाठी फॉरमॅट केलेली आहे. मॅक तिच्यावरचं वाचतो, पण लिहीत नाही."

"आणि नमुने छापून घेते त्या छापखान्यात तर विंडोजच आहे."

"म्हणून ती एक्सफॅट नावाच्या प्रकारात फॉरमॅट करू. मग दोन्हीकडे वाचताही येईल, लिहिताही येईल. आजच्यापुरतं दुसरीकडे साठवून भागेल, पण रोज हा खटाटोप कोण करणार?"

"फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जातं ना गं?"

"हो. म्हणून आधी सगळं मॅकवर उतरवून घ्यायचं."

सकाळ त्यातच गेली. जागा पुरेना, तेव्हा सुनेनं आपले साठवलेले सिनेमे उडवले. उतरवून झाल्यावर आकडा जुळला, तरी काकूंचं समाधान होईना. "तो टपालवाल्याचा शर्ट उघड. आता पट्टेवाल्या मुलीचा फ्रॉक." असे वीसेक नमुने उघडून झाले. सुनेनं एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

शेवटी यादीतून डिस्क निवडली. "नाव नीट वाचा, आई. चुकून मॅकचीच डिस्क पुसली तर दोघी रडत बसू." काकूंनी नाव दोनदा मोठ्यानं वाचलं, एक्सफॅट निवडलं, आणि हात मागे घेतला. "तूच दाब बाई."

"डिस्क तुमची, बोटही तुमचंच."

काकूंनी डोळे मिटून दाबलं. पुरते दहा सेकंदही लागले नाहीत. डिस्क कोरी करकरीत झाली.

मग नमुने परत डिस्कवर भरायला लावले. निम्मे गेले असतील नसतील, तोच पाण्याचा पेला उचलताना काकूंचं कोपर वायरला लागलं आणि डिस्क निसटली. पडद्यावर इशारा झळकला. काकूंनी पेला खाली ठेवला.

"संपलं सगळं!"

"काही संपलं नाही. हे बघा, मॅकवर सगळे जागच्या जागी आहेत." सुनेनं डिस्क पुन्हा जोडली, अर्धवट उतरलेलं काढून टाकलं आणि पहिल्यापासून भरायला लावलं. "मात्र यापुढे अशी ओढून काढायची नाही. आधी इथे पडद्यावर 'इजेक्ट' दाबायचं, मगच वायर काढायची."

दुपारी आकडा आला: अठराशे सेहेचाळीस. ग्रंथपाल बाईंची नवी कंबर सेव्ह केली, ती एका फटक्यात झाली. काकूंनी आधी 'इजेक्ट' दाबलं, मगच वायर काढली, आणि थेट छापखाना गाठला. तिथल्या माणसानं डिस्क विंडोजला लावली.

"उघडली का रे?" काकूंनी विचारलं.

"उघडली की. कोणता नमुना काढू, काकू?"

मोठ्या यंत्रातून कागद सरसर बाहेर आला. काकूंनी तिथेच फरशीवर पसरून पट्टीनं मोजला. तसूभरही फरक नव्हता.

रविवारी काकू शिवून झालेली पँट घेऊन ग्रंथपाल बाईंच्या घरी गेल्या. बाईंनी ती घालून पाहिली, खुर्ची दोनदा गर्रकन फिरवली. "कुठे काचत नाही हो! दिवसभर कामावर बसले तरी कंबर आठवायची नाही मला."

घरी येऊन काकू जेवल्या आणि आडव्या झाल्या. दुपारची झोप त्यांना कधी माहीत नव्हती, पण त्या दिवशी चांगले दोन तास घोरत होत्या. सुनेनं दाराची घंटा बंद करून ठेवली, आणि आलेल्या दोन गिऱ्हाइकांना उंबऱ्यावरूनच हळू आवाजात उद्या यायला सांगितलं.