आवाज बाहेर जाऊ नये म्हणून

आमच्या मेहकरच्या घराला तळघर आहे, पण ते काही हौसेनं केलेलं नाही. प्लॉट उताराचा निघाला, मग खालची पोकळी बुजवण्यापेक्षा तिथे खोली काढली आणि भाव येईपर्यंत सोयाबीनची पोती तिथे रचू लागलो. त्या खोलीचं सिनेमाघर करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते जानेफळला एकटेच राहत होते. एका उन्हाळ्यात चक्कर येऊन अंगणात पडले, तेव्हा मी त्यांना जवळजवळ उचलूनच मेहकरला आणलं. ते आले आणि आमच्या हॉलमधला टीव्ही गरजू लागला. बातम्या, मॅच, जुने सिनेमे, सगळं एकाच पट्टीत. मी घरीच गणिताच्या शिकवण्या घेतो आणि शिकवणीची खोली हॉलला लागूनच आहे. सिद्धता अर्ध्यावर आली की भिंतीपलीकडे कोणीतरी षटकार मारायचा. माझा स्वभाव आधीच तापट. घडीघडी उठून मी "आबा, आवाज!" म्हणायचो. ते कमी करायचे, मी वळलो की पुन्हा वाढवायचे. आबांना ऐकू कमी येतं, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवूनच टाकलं. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर उखडले. त्यातच बाजूचे गृहस्थ दाराशी येऊन चार शब्द सुनावून गेले आणि मी आबांवर खेकसलो.

"तुमाले तरास होत असन तं मी आपला जानेफळले जातो," आबा म्हणाले.

तिथे पुन्हा पडले तर कोण पाहणार? काहीही करून त्यांना इथेच ठेवायचं होतं. मग मला तळघर आठवलं. हवा तेवढा आवाज करा, बाहेर थेंबभर येणार नाही, अशी खोली आबांना करून द्यायची.

त्या दिवसापासून मला चैन नाही. मोबाइलवर पाहून पाहून अर्धा कारागीर झालो. भिंतीपुढे लाकडी चौकट, तिच्यात आवाज शोषणारी काचेची लोकर, वरून जाड बोर्ड. लोकर मागवायची वेळ आली तेव्हा माझं वऱ्हाडी डोकं चाललं. कापसाच्या मुलखात राहून लोकर कशाला विकत आणायची? शेतात फरतडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका कापूस पडूनच होता. सरकीसकट तो मी भिंतीत कोंबला.

"सरकीले उंदरं येतीन, पाहा तुम्ही," बायको म्हणाली.

"सिमेंटच्या खोलीत कुठून येतात उंदरं?" मी.

आले. बोर्डामागे त्यांनी असा संसार मांडला की सिनेमा बंद असतानाही खोलीत आवाज. शिवाय कापूस बसत बसत खाली गेला आणि चौकटी वरून रिकाम्या पडल्या. बायको नुसती हसली, त्याचाच जास्त राग आला. बोर्ड उखडले, सगळा कापूस काढला आणि मुकाट्यानं लोकर आणली. ती अंगाला अशी खाजते की रात्रंदिवस मी स्वतःलाच ओरबाडत होतो. मग छत झालं, जाड गालिचा झाला, रबराची पट्टी लावलेलं जडशीळ दार झालं. बायकोला खाली टीव्ही लावून बसवायचं आणि मी गल्लीत भिंतीला कान लावून फिरायचं. वायरच्या भोकातून आवाज येतो, भोक बुजव. दाराखालून येतो, पट्टी बदल. लोक माझ्याकडे बघत जायचे.

शेवटी एकदाची खोली मुकी झाली. मोठ्या पडद्यासमोर आबांना गादीच्या खुर्चीत बसवलं, रिमोट हातात दिला आणि वर येऊन निवांत शिकवायला बसलो. बसलो कसला! बंद खोलीत त्यांना चक्कर आली तर हाकही वर यायची नाही, हे दार बसवून झाल्यावर सुचलं. फळ्यावर समीकरण तसंच टाकून मी जिना उतरायचो, डोकावायचो, परत यायचो.

असाच एकदा गेलो, तर सिनेमा चालू आणि आवाज अगदी बारीक. मला दारातून नीट ऐकूही येईना. आबा मात्र संवादावर हसत होते.

"आबा, तुमाले आयकू येते?"

"हाव. काऊन नाही येणार?"

"मंग वर एवढा मोठा आवाज कायले ठेवत होते?"

त्यांनी सिनेमा थांबवला. "गावात टीव्ही मोठा लावला का लोक येतेत. कोणी म्हणते मॅच हाये का, कोणी चहा मांगते. म्हटलं, इथं बी येईन कोणी. एक आला ना. बाजूचा. भांडाले आला, पण आला तं सही. मी बसा म्हणत होतो, तं तू मधात आला." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "इथून तं आवाजच भाईर जात नाही बापू. कोण येईन?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला रडूच आलं. गल्लीतल्या चार जणांना मी हातापाया पडून चहाला बोलावलं. आले, खालच्या खोलीचं कौतुक केलं, घड्याळ पाहिलं आणि गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिशवी भरली, आणि या खेपेस मीच ती उचलून त्यांना पोचवायला निघालो.

जानेफळच्या घरात केर काढायच्या आधी त्यांनी टीव्ही लावला, पूर्ण आवाजात. मी पाणी भरून येईतो दारात चपलांचे तीन जोड. समोरच्या घरातली काकू पदराला हात पुसत आली. मी तिला बाजूला नेऊन आबांच्या चकरेचं सांगितलं, गोळ्या दाखवल्या, फोन नंबर दिला.

"नंबर ठेवतो," ती म्हणाली, "पण तू जिवाले घोर लावू नको. सकाळी आबाच्या टीव्हीचा आवाज नाही आला तं मी चहा ठेवाच्या आंधी पाहाले येईन."

आत जाऊन आबांच्या पाया पडलो आणि निघतो म्हणालो. त्या कल्लोळात त्यांना ते ऐकूच गेलं नाही.